एकोणीस माणसं कमी

टॉलवीका काउंटीत एकोणीस माणसं कमी पडली, ही बातमी व्हर्डेल मिम्सला शेरीफकडून कळली. सकाळी ती करवसुलीची कचेरी उघडायला आली तेव्हा तो दारातच उभा होता, हातात वर्तमानपत्र, चेहरा उतरलेला. गेल्या वर्षीच्या जनगणनेचा आकडा छापून आला होता : अकरा हजार नऊशे एक्क्याऐंशी. शेरीफने त्याखाली पेन्सिलीने दोनदा रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, एकोणीस.

शेरीफला एवढं लागलं त्याचं कारण कायद्यात होतं. काउंटीचा कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने किती पगार घ्यायचा हे आमच्याकडे राज्याचा कायदा ठरवतो, आणि तो माणसाचं काम बघत नाही, वस्ती बघतो. कायद्यात पायऱ्या आहेत. नऊ हजारांपासून बारा हजारांच्या आतली वस्ती असेल तर वर्षाला तेवीस हजार चारशे डॉलर. बारा हजार भरली की सत्तावीस हजार शंभर. शेरीफ आणि कोर्टाचा कारकून यांचे पगारही त्याच शिडीला टांगलेले. काउंटीच्या मंडळाच्या कितीही मनात असलं तरी त्यांना त्यात एक सेंट घालता येत नाही, काढता येत नाही. दहा वर्षांतून एकदा माणसं मोजतात, आणि तो आकडा पुढची दहा वर्षं प्रत्येकाच्या मानगुटीवर बसतो.

व्हर्डेल चौपन्न वर्षांची. त्या कचेरीच्या खिडकीमागे तिने बावीस वर्षं पावत्या फाडल्या होत्या, आणि तीन वर्षांपूर्वी निवडणूक जिंकून ती आत वसुली अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीत बसलेली पहिली बाई आणि पहिली काळी व्यक्ती. लोकांना तिच्याबद्दल तक्रार नव्हती, पण एक गैरसमज काही केल्या जात नव्हता. फार जुन्या काळी वसुली अधिकाऱ्याला पगार नसायचा, गोळा केलेल्या करात टक्केवारी असायची. गावच्या मुख्य रस्त्यावरचं पांढऱ्या खांबांचं मोठं घर त्या टक्केवारीतून उभं राहिलं होतं. तो कायदा जाऊन चाळीस वर्षं झाली, पण घर अजून उभं असल्यामुळे लोक ते विसरायला तयार नव्हते. खिडकीवर पैसे मोजताना एखादा म्हातारा हटकून विचारायचा, "मिस व्हर्डेल, यातले तुमच्या पर्समध्ये किती जाणार?" ती म्हणायची, "तुम्ही भरलेत तरी तेवढेच आणि बुडवलेत तरी तेवढेच. तेव्हा माझ्यासाठी तुम्ही काही हात आखडता घेऊ नका."

पुढचे आठ दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. एकोणीस माणसं कुठून आणायची यावर न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, उकडलेल्या शेंगांच्या गाडीपाशी सल्ले निघत होते. कुणी म्हणालं, दोन जोडपी कामाला लावा. मग कुणीतरी समजावलं, की मोजणी गेल्या वर्षीच्या एक एप्रिलची, आता जन्मणारं पोर पुढच्या दशकात धरलं जाईल. मिस व्हर्डेलची सासू एक एप्रिलला जिवंत होती का, असंही एकाने विचारलं. होती, आणि मोजलीही होती.

व्हर्डेलला या सगळ्याचा संकोच वाटायचा. तिचा नवरा रॉस्को कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याने एका संध्याकाळी एवढंच म्हटलं, की वर्षाला सदतीसशे डॉलर म्हणजे घराचं गळकं छप्पर आणि वर थोडे. जनगणनेच्या खात्याने चुका दाखवायला सहा आठवड्यांची मुदत दिली आहे असंही त्याने कुठेसं वाचलं होतं.

"म्हणजे मी दारोदार जाऊन सांगू, की बाबांनो तुम्ही आहात असं म्हणा, मला पगारवाढ पाहिजे?" व्हर्डेल म्हणाली.

"सांगू नकोस," रॉस्को म्हणाला. "मी फक्त छप्पर गळतंय म्हणालो."

ती जाणार नव्हतीच. पण त्याच आठवड्यात मंडळाच्या कचेरीतून जनगणनेचे सविस्तर तक्ते आले, एकेका रस्त्याची घरं आणि माणसं मांडलेले. तिची सहायक पॅट्सी नेल ते फायलीला लावणार होती. व्हर्डेलने सहज चाळले, आणि सॉयर बॉटम रस्त्यापाशी तिचं बोट थांबलं. घरं शून्य. माणसं शून्य.

सॉयर बॉटम म्हणजे काउंटीच्या पूर्व टोकाला टर्कीफूट ओढ्याकाठची सखल जमीन. तिथली सगळी घरं चाकांवरची, कारखान्यात बनवून ओढत आणलेली. अशा प्रत्येक घरावर दरवर्षी कर भरल्याचा बिल्ला चिकटवावा लागतो, आणि तो बिल्ला व्हर्डेलच्याच खिडकीवर मिळतो. तिने वही काढली. सॉयर बॉटमला त्या वर्षी अकरा बिल्ले गेले होते. नावं वाचताना एकेक चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. गेन्स मंडळी नेहमी सुटे पैसे आणायची, टालमॅज कुटुंबातली सून दरवेळी अक्रोडासारख्या पिकानच्या गराची पिशवी खिडकीवर ठेवून जायची.

"अकरा घरं," ती पॅट्सी नेलला म्हणाली. "कर घेताना ती आपल्याला बरी दिसतात."

शनिवारी ती गाडी घेऊन तिकडे गेली. रस्ता नेहमीप्रमाणे खड्ड्यांचा. पहिलंच घर ल्यूटी गेन्स या म्हातारीचं. वय एक्क्याण्णव, कान शाबूत, डोळे अधू. तिने व्हर्डेलला ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत बसवलं, गोड गार चहा दिला आणि आधी तिच्या आईची, मग आजीची चौकशी केली. दोघींना जाऊन जमाना झाला होता. व्हर्डेलने पगाराचा विषय काढलाच नाही. गेल्या वर्षी मोजणारं कुणी आलं होतं का, एवढंच विचारलं.

आला होता, ल्यूटी म्हणाली. एक गोरा पोरगेला माणूस, फार अदबीने बोलणारा. सगळी नावं लिहून घेतली. अकरा घरांत चौतीस माणसं, तिने स्वतः मोजून दिली होती, कारण टालमॅजांकडे त्या दिवशी कुणी दार उघडलं नव्हतं.

"मग तक्त्यात तुम्ही नाही आहात, मिस ल्यूटी."

 म्हातारी म्हणाली, "मी या जागी एकोणीसशे साली जन्मले. माझी आठ बाळंतपणं या जागी झाली. मतदानाचा हक्क मिळाला त्या वर्षी तुमच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर मी चार तास रांगेत उभी होते. आता मला सांग, मी आहे तरी कुठे?"

 परत येताना गाडीत व्हर्डेलच्या लक्षात आलं, की छपराचा आणि सदतीसशे डॉलरांचा संकोच कुठल्या कुठे गेला आहे. तिला एकच गोष्ट हवी होती, ल्यूटी गेन्सला सांगायला एक उत्तर.

उत्तर सोमवारी नकाशांच्या खोलीत मिळालं. टॉलवीका आणि शेजारची किनलो या दोन काउंट्यांची हद्द म्हणजे टर्कीफूट ओढा. एकसष्ट सालच्या पुरात ओढ्याने पात्र बदललं, अर्धा मैल पश्चिमेला सरकला, आणि सॉयर बॉटम ओढ्याच्या पलीकडे गेलं. कायद्याने हद्द जुन्याच पात्राची राहिली. पण जनगणनेवाल्यांनी नकाशात नव्या पात्रावर रेघ मारली होती. त्या चौतीस जणांची नोंद झाली होती, पण किनलोत.

आणि किनलोचा आकडा होता बारा हजार बावीस. त्यातून चौतीस काढले तर किनलो बारा हजारांच्या खाली जाणार होती.

किनलोचा वसुली अधिकारी होता हॉलिस डनअवे. वय अडुसष्ट, चोवीस वर्षं त्याच खुर्चीत, थुलथुलीत, लालबुंद, खांद्यावरून पँट पेलणाऱ्या पट्ट्यांवर स्वतःच खूश असलेला गोरा गृहस्थ. निवडून आल्यावर व्हर्डेल पहिल्यांदा राज्यातल्या वसुली अधिकाऱ्यांच्या वार्षिक सभेला गेली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. हॉलिस आपली ताटली घेऊन हॉलच्या दुसऱ्या टोकापासून चालत आला, शेजारी बसला आणि तासभर तिला थकबाकीच्या लिलावाचे नियम सांगत राहिला. नंतरही अडेल तिथे ती त्याला फोन करायची. अशा माणसाचा पगार आपल्या अर्जाने खाली जाणार, हे काही तिला पचत नव्हतं.

पॅट्सी नेलचं म्हणणं, की अर्ज मंडळाच्या नावाने जातो, हॉलिसला आधी सांगायची गरजच नाही. व्हर्डेलला ते पटलं नाही. ती बुधवारी दुपारी किनलोला गेली. हॉलिस त्याच्या तळ्याकाठी मासे तळत होता; बुधवारी अर्ध्या दिवसाने कचेरी बंद करायची त्याची जुनी सवय होती. त्याने तिला ताटली भरून दिली, मासा आणि मक्याच्या पिठाची भजी. ताटली हातात तशीच धरून तिने सगळं सांगितलं, ओढा, नकाशा, चौतीस आणि त्याचे बारा हजार बावीस.

हॉलिसने कढईखालची आच कमी केली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"जुनं पात्र मी पोहून पार केलेलं आहे," तो म्हणाला. "सॉयर बॉटम तुमचंच. त्यात वाद नाही."

मग तो घरात गेला आणि कायद्याचं जाडं पुस्तक घेऊन आला. चष्मा लावून पान शोधायला त्याला वेळ लागला नाही. त्याने कलम मोठ्याने वाचलं : अधिकाऱ्याचा पगार त्याच्या चालू मुदतीत कमी केला जाणार नाही. व्हर्डेलला हायसं वाटलं. पण हॉलिस थांबला नव्हता. पुढचं वाक्य वाचून त्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. तसाच तो चालू मुदतीत वाढवलाही जाणार नाही.

"हे माहीत होतं तुम्हाला?"

"आठ वेळा वाचलंय," व्हर्डेल म्हणाली. "त्र्याण्णवच्या जानेवारीपर्यंत मला काही मिळत नाही. आणि मधे निवडणूक आहे. ही वाढ कदाचित दुसऱ्याच कुणाच्या घरी जाईल."

"मग एवढा खटाटोप कशासाठी?"

तिने ल्यूटी गेन्सने काय विचारलं ते सांगितलं.  कढईतला मासा उलटवायचा राहून गेला आणि एका बाजूने काळा झाला. निघताना हॉलिसने तिला एवढंच सांगितलं, की विचार करायला एक दिवस द्या.

तो दिवस व्हर्डेलला जड गेला. पण शुक्रवारी सकाळी कचेरी उघडते तर हॉलिसचा ट्रक बाहेर उभा. त्याने प्रतिज्ञापत्र लिहूनच आणलं होतं : मी किनलो काउंटीचा वसुली अधिकारी, टर्कीफूट ओढ्याचं जुनं पात्र मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि सॉयर बॉटमचा कर माझ्या काउंटीने कधीही घेतलेला नाही. पॅट्सी नेलने त्यावर शिक्का मारला. स्वतःच्या पगाराविरुद्ध सही करणारा माणूस तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, असं ती पुढे कितीतरी दिवस सांगत होती.

"आता माझं गाऱ्हाणं ऐका," हॉलिस म्हणाला. "तुमचे चौतीस गेले की मला बारा माणसं कमी पडतात. पुढच्या वर्षी मी उभा राहणार होतो. खालच्या पायरीवर उभं राहायला माझे गुडघे तयार नाहीत. तुम्ही घरं ओळखता. मला बारा माणसं शोधून द्या."

व्हर्डेल हसली. आणि तिला लगेच आठवलंही. सॉयर बॉटमला टालमॅजांची सून बोलता बोलता म्हणाली होती, की तिची बहीण ओढ्याच्या जुन्या पात्रापलीकडे खऱ्याखुऱ्या किनलोत राहते, ब्युफर्ड विगमच्या घरात, आणि त्या घरी कुणी मोजायला गेलं की ब्युफर्ड हंस सोडतो. त्या हंसांना टपालवाला सुद्धा भ्यायचा.

हॉलिसने तक्ता काढला. विगमच्या घरापुढे लिहिलं होतं, रिकामं.

शनिवारी दोघं हॉलिसच्या ट्रकमधून तिथे गेले. अंगणात सहा हंस होते. हॉलिसने टोपीत मक्याचे दाणे आणले होते. त्याने ते लांब फेकले आणि हंस तिकडे वळताच आपल्या वजनाच्या माणसाला न शोभणाऱ्या चपळाईने ओसरी गाठली. व्हर्डेल मागोमाग. दार ब्युफर्डने उघडलं. समोर दोन माणसं बघून त्याने आधी दार लावायचा प्रयत्न केला, पण तोवर हॉलिस आत येऊन टेकला होता.

ब्युफर्ड विगमचं आयुष्यभराचं एकच भय होतं, करवाले. गेल्या वर्षी मोजणारा आला तेव्हा तो करवालाच असणार अशा खात्रीने त्याने सांगितलं होतं, इथे कुणी राहत नाही, मी फक्त हंसांना दाणे टाकायला येतो. आणि आता त्याच्या स्वयंपाकघरात एक सोडून दोन काउंट्यांचे वसुली अधिकारी बसले होते.

त्याची बायको डेल्फीन, टालमॅजांच्या सुनेची बहीण, मात्र खूश झाली. तिने पीच भरून भाजलेला गरम केक कापला आणि एकेका मुलाला हाक मारून पाहुण्यांपुढे उभं केलं. अकरा मुलं होती. सगळ्यांत मोठी मुलगी वीस वर्षांची, सगळ्यांत धाकटा दोन वर्षांचा, म्हणजे एक एप्रिलला होता. व्हर्डेल बोटांवर मोजत होती.

"ब्युफर्ड," हॉलिस म्हणाला, "सत्तर सालापासून तू माझ्या वहीत आहेस. तुझी जमीन, तुझा ट्रक, तुझी बोट. माझ्यापासून लपवण्यासारखं तुझ्याकडे काय शिल्लक आहे?"

ब्युफर्डने विचार केला. "माणसांवर कर नाही?"

"नाही."

"नक्की?"

"असता तर तुझ्या घरावर मी केव्हाच निवृत्त झालो असतो," हॉलिस म्हणाला.

डेल्फीन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ब्युफर्डने व्हर्डेलकडे पाहून विचारलं, हा खरं बोलतोय का. तिने त्याला कायद्याचं पान दाखवलं, पगाराची शिडी, बारा हजारांची पायरी, सगळं. यात तुम्हाला काही भरायचं नाही, तुम्ही फक्त असायचं आहे, असं ती म्हणाली. त्याने मोजणीत राहून गेल्याचा अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. आई, बाप, अकरा मुलं. तेरा. एक माणूस जास्तच निघालं म्हणून हॉलिस परतीच्या वाटेवर शीळ घालत होता.

खात्याचे लोक पुढच्या महिन्यात येऊन ओढा बघून गेले. विगमच्या घरीही गेले, आणि त्यातल्या एकाला हंसाने पोटरीला धरलं. तरी त्याने नोंद प्रामाणिकपणे केली. पत्र आलं ऑगस्टमध्ये. टॉलवीका बारा हजार पंधरा. किनलो बारा हजार एक. व्हर्डेलने पत्राची प्रत काढली, सॉयर बॉटमला नेली आणि ल्यूटी गेन्सला ओसरीवर वाचून दाखवली. म्हातारीने ती दोन वेळा वाचायला लावली. मग म्हणाली, आता आम्ही इथे आहोत असं ठरलंच आहे तर रस्त्याचं बघा. व्हर्डेलने मंडळाला लिहिलं. रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांत पडून होता तो ऑक्टोबरात खडी टाकून सपाट झाला.

वाढीव पगाराची बातमी पसरली आणि त्याचा वेगळाच परिणाम झाला. तीन वर्षांपूर्वी त्या खुर्चीसाठी व्हर्डेलविरुद्ध एकच माणूस उभा होता, तोही बायकोने घराबाहेर काढलं म्हणून. ब्याण्णवला तीन जण उभे राहिले. एक विमा विकणारा, एक शाळेचा माजी प्रशिक्षक आणि कहर म्हणजे पांढऱ्या खांबांच्या घरातला नातू. रॉस्को म्हणाला, छप्पर तुझ्या पगारातून होवो न होवो, करमणूक मात्र झाली. व्हर्डेल त्या वर्षी लोकांच्या ओसऱ्यांवर जितका गोड चहा प्यायली तितका आयुष्यात प्यायली नव्हती. ती पगाराचं लपवत नव्हती. कुणी विचारलं की सरळ आकडा सांगायची, आणि तो कायद्यात कुठे लिहिला आहे तेही.

ती निवडून आली, दोनशे सहा मतांनी. सॉयर बॉटमच्या मतपेटीत तिच्याविरुद्ध एकच मत निघालं. ते आपलं असल्याचं टालमॅजांच्या आजोबांनी पुढच्याच रविवारी तिला चर्चमध्ये सांगितलं; प्रशिक्षकाने त्यांच्या नातवाला फुटबॉल शिकवला होता. किनलोत हॉलिसही निवडून आला. निवृत्त होणार असं त्याने बायकोला वचन दिलेलं होतं, म्हणून ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

त्र्याण्णवच्या जानेवारीत शपथ झाली आणि फेब्रुवारीत व्हर्डेल मंडळाच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. अध्यक्षाने घाईघाईने सांगितलं, की तुमच्या पगारात आम्हाला हात घालता येत नाही, कायदा तुम्हालाच जास्त ठाऊक आहे.

"माझं राहू द्या," व्हर्डेल म्हणाली. "सहायकाचा पगार कुठल्याही पायरीवर नाही. तो कायद्याने तुमच्याच हातात दिलाय. पॅट्सी नेल क्रंपला या कचेरीत सतरा वर्षं झाली, आणि गेल्या सहा वर्षांत तुम्ही तिला काही दिलेलं नाही. मी आज दुसरं काही काम ठेवलेलं नाही. तुमचं ठरेपर्यंत बसते."

ती पहिल्या रांगेत बसली, पर्समधून विणकाम काढलं. मंडळाचे पाचही सभासद एकमेकांकडे बघू लागले. त्यातल्या तिघांच्या गाड्यांचा कर त्या महिन्यात भरायचा होता, आणि खिडकीवर पॅट्सी नेल बसणार होती. पाऊण तासात आठ टक्के वाढ मंजूर झाली. व्हर्डेलने शेवटचा टाका पुरा केला, आभार मानले आणि पॅट्सी नेलला सांगायला खाली गेली.